आईचं सामान : दहा बाय बाराच्या खोलीत काय काय न्यायचं?

अवंती_सातारकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ७९ वर्षांची. साताऱ्यात एकटी राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. फेब्रुवारीत न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन चालते. मी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. भाऊ कॅनडात. सहा महिने दिवसाच्या आणि रात्रीच्या बायका ठेवून पाहिल्या, ते पुराण इथे लावत नाही. शेवटी पुण्याजवळ एक असिस्टेड लिव्हिंग पाहिलं. आई स्वतः तिथे दोन दिवस राहून आली आणि 'बरंय' म्हणाली. चाळीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईच्या तोंडून 'बरंय' म्हणजे शंभरात ऐंशी.

तेव्हा कृपया 'न्यावं की न न्यावं' ही चर्चा नको. ती घरात झाली आहे. रडूनही झालंय.

प्रश्न सामानाचा आहे. खोली दहा बाय बारा. पलंग, गादी, एक कपाट, टेबल-खुर्ची, टीव्ही त्यांचा. ऑफिसातून मिळालेली यादी चार ओळींची: सहा जोड कपडे, टॉवेल, चपला, औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स. 'मौल्यवान वस्तू आणू नयेत.' संपलं. आणि इकडे साताऱ्याच्या घरात पंचेचाळीस वर्षांचा संसार.

आईने स्वतःहून न्यायच्या वस्तूंचा एक ढीग पलंगावर काढून ठेवलाय. त्यात सगळ्यात वर काय असावं? पुरणयंत्र. पितळी, दोन-अडीच किलोचं. मी म्हटलं, "आई, तिथे स्वयंपाकघर नाहीये." ती म्हणाली, "मला माहीत आहे." पुढे संवाद नाही.

दसऱ्यानंतर हलायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: काय न्यावं, काय नेऊन पस्तावलात, काय राहिलं?

बटाटेभात
रुमाल टाकून ठेवतो. सासूबाईंचं असंच चाललंय. वाचतोय.

मृदुला_ठाणे
अवंतीताई, बाबांना दोन वर्षांपूर्वी हलवलं, त्यामुळे अनुभवाचे बोल.

'सहा जोड' वर अजिबात विश्वास ठेवू नका, दहा न्या. तिथे कपडे एक दिवसाआड धुतले तरी पावसाळ्यात वाळून परत यायला तीन-चार दिवस जातात, आणि या वयात दिवसाला एकच जोड लागतो असं नाही. आई गाऊन घालत असतील तर पुढून उघडणारे घ्या, डोक्यावरून घालायचे नकोत. ब्लाउजचे हूक काढून टिचबटणं लावून घ्या. नाडी असेल तिथे इलॅस्टिक. नाडीची गाठ सुटत नाही म्हणून घाई झालेली असताना काय होतं ते लिहीत नाही. रेशीम, कांजी केलेलं, हाताने धुवावं लागणारं काही नको. सगळं एकाच मशिनात जातं आणि पांढरं गुलाबी होऊन येतं.

पण दोन चांगल्या साड्या न्याच. रोज नेसणार नाहीत हे कबूल. संक्रांतीला, कुणाच्या वाढदिवसाला लागतात.

आणि प्रत्येक कपड्यावर नाव. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, रुमालापर्यंत. बाबा पहिल्या महिन्यात कुणा दुसऱ्याच आजोबांचा लेंगा घालून बसले होते आणि ते आजोबा समोर बसून त्याकडे बघत होते.

कोकणचो_काका
> प्रत्येक कपड्यावर नाव

आमच्या लहानपणी परीट बिब्ब्याने खूण करायचा. बिब्बा टोचून त्याचं तेल कापडावर लावलं की काळा डाग पडायचा, तो कापड फाटलं तरी जात नसे. प्रत्येक घराची खूण वेगळी. आमची तीन टिंबं आणि एक रेघ होती. मी पुढे नोकरीला मुंबईत गेलो तरी बनियनवर तीन टिंबं आणि एक रेघ होतीच.

डॉक्टरीण_मिरजेची
काका, आठवण छान, पण कुणी घरी प्रयोग करू नका. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात, म्हाताऱ्या माणसांच्या पातळ कातडीला तर फारच. कपड्यावर लिहायचं न पुसणारं पेन मिळतं, किंवा सुती नाडीवर नाव भरतकाम करून शिवून टाका. गळ्याच्या मागे नको, टोचतं. खालच्या शिवणीला आतून.

आता आलेच आहे तर औषधांचं सांगते. औषधं मूळ स्ट्रिपमध्येच द्या. लोक कौतुकाने सोम-मंगळ लिहिलेल्या डब्यांत गोळ्या कापून भरून आणतात. मग नर्सला ना नाव कळतं ना मुदत. एका कागदावर मोठ्या अक्षरात यादी: औषध, किती, केव्हा, कधीपासून, कोणत्या डॉक्टरांनी दिलं. रक्त पातळ करण्याची गोळी असेल किंवा कशाची अ‍ॅलर्जी असेल तर ते सगळ्यात वर लाल पेनाने. खुब्यात जे बसवलंय त्याचं स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर असतं. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर आत कोणता धातू आहे हे पहिलं विचारतात. ती झेरॉक्स नक्की ठेवा.

घरातली सतरंजी, पायपुसणी, आवडतं छोटं कार्पेट, काही नेऊ नका. वॉकरचा पाय त्यातच अडकतो. मागे पट्टा नसलेल्या सपाता नकोत. वॉकरच्या पायांची रबरी टोपणं झिजतात, ती एक संच जास्तीची. आणि पलंगावर आईंना बसवून बघा: तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. पलंग बुटका असेल तर आधीच बदलून मागा.

स्पष्टवक्ता_००७
राग मानू नका, पण तळमजल्यावर भाड्याने घर घेतलं असतं तर हा धागाच काढावा लागला नसता. आईने तुम्हाला वाढवताना दहा बाय बाराचा हिशोब केला होता का?

बटाटेभात
आले.

तळमजलेवाला
स्पष्टवक्ते, मी तळमजल्यावरच राहतो. सासऱ्यांना दीड वर्ष घरी सांभाळलं. रात्रीत तीन-तीनदा उचलून संडासला न्यायचो. माझी कंबर गेली, आणि एका रात्री आम्ही दोघेही पडलो, ते खाली आणि मी वर. आता ते केंद्रात आहेत, तिथे उचलायला दोन माणसं आणि पट्टा असतो. तळमजला हे औषध नाही.

अवंती_सातारकर
स्पष्टवक्ते यांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, रात्रपाळीला या."

एक्क्याऐंशी_नाबाद
अवंती, मी या विषयातला आतला माणूस आहे. अक्षरशः. तीन वर्षं झाली, अशाच एका ठिकाणी राहतो. वय नावात आहे. (दर वर्षी नाव बदलून मागतो, संपादक मंडळाला त्रास होतो.)

पहिलं म्हणजे, सामान तिच्यासमोर भर. शक्य तेवढं तिच्याच हातून. माझ्या शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांचं सामान मुलाने भरलं. हौशीने सगळं नवं: टॉवेल नवे, चादर नवी, लेंगे नवे, कपसुद्धा नवा. ते म्हणतात हॉटेलात उतरल्यासारखं वाटतं. दर आठ-पंधरा दिवसांनी विचारतात, चेकआउट कधी? जुनी, धुवून मऊ झालेली चादर दे. गोधडी असेल तर ती दे, मग तिथल्या लोकांनी नाक मुरडलं तरी.

बाकी ज्याची मला गरज पडली ते लिहितो, क्रम नाही. एक्स्टेन्शन बोर्ड, कारण बटणं नेहमी पलंगाच्या मागे असतात. उशीखाली मावेल अशी बॅटरी. पलंगावरून चष्मा न लावता दिसेल एवढं घड्याळ. कालनिर्णय आणि त्यासाठी खिळा, आणि तो ठोकायची परवानगी (हे आधी विचार, माझा खिळा दीड महिना मंजुरीत अडकला होता). बसून दिसेल एवढ्या उंचीवर आरसा. भिंतीवरच्या आरशात मला फक्त पंखा दिसतो. कपाटाला कुलूप आणि त्याची किल्ली आईच्याच हातात. थोडे सुटे पैसे. लोक म्हणतात तिथे पैसे कशाला लागतात. लागतात. कुणाच्या नातवाच्या हातावर ठेवायला लागतात.

आणि झाकणाचा एक डबा, बिस्किटं, लाडू, काहीही. खायला नाही, पुढे करायला. खोलीत कोणी आलं आणि आपल्याकडे पुढे करायला काहीच नसलं की माणूस पेशंट होतो.

आणखी एक. सामान लावून झाल्यावर रिकामी बॅग घेऊन जाऊ नकोस, पलंगाखाली ठेव. माझी आहे. तीन वर्षांत लागली नाही. पण आहे.

पुरणयंत्राबद्दल माझं मत: अडीच किलो आहे, ने. वाद घालण्यात त्याहून जास्त शक्ती जाईल.

मृदुला_ठाणे
आजोबा, _/\_

हिरवा_चाफा
एक्क्याऐंशी_नाबाद यांच्याशी पूर्ण सहमत, पण एक इशारा. माणसाची स्मृती शाबूत असेल तरच.

माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होता. त्यांच्यासमोर आम्ही बॅग भरली आणि रात्रभरात त्यांनी ती सोडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली, पुन्हा सोडली. चार दिवस. शेवटी बहिणीने त्यांना फिरायला नेलं आणि आम्ही चोरासारखं सामान टेम्पोत टाकलं. आणि ती पलंगाखालची बॅग: आमच्या बाबांना रोज संध्याकाळी ती दिसायची, की भरून दाराशी उभे. 'निघतो आता, गाडी चुकेल.' ते एसटीत होते. बॅग काढून घेतल्यावर महिन्याभराने जरा थांबलं.

त्यांच्या बाबतीत जे लागू पडलं ते असं. घरच्या खोलीत पलंगाच्या डाव्या हाताला खिडकी होती, तर तिथेही पलंग तसाच फिरवून घेतला. घरचीच वेताची खुर्ची नेली. भिंतीवर नातवंडांचे सुंदर फोटो लावले होते, ते काढावे लागले, कारण 'ही कोणाची मुलं' म्हणून ते अस्वस्थ व्हायचे. त्याऐवजी त्यांचे आईवडील, भाऊ, आणि डेपोतला एक गटफोटो लावला. त्या फोटोतली सतरा माणसं ते नावानिशी सांगायचे. कपाटाच्या प्रत्येक कप्प्यावर शब्दासोबत चित्रही चिकटवलं.

एक्क्याऐंशी_नाबाद
हिरवा_चाफा, बॅगेचं मी मागे घेतो. म्हणजे माझी ठेवतो, सल्ला मागे घेतो.

बिनफी_वकील
सामानात कागद येतात म्हणून चार ओळी. मूळ कागदपत्रं खोलीत ठेवू नका, फक्त झेरॉक्स. मूळ आधार, पेन्शनची पीपीओ, मेडिक्लेम, घराचे कागद तुमच्याकडे.

सहीचा प्रश्न लवकर सोडवा. बँक खात्यावर तुमचं नाव जोडून घ्या, लॉकर संयुक्त करून घ्या. बरेच जण कुलमुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. लक्षात ठेवा, करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही तर मुखत्यारपत्र संपतं. म्हणजे नेमकं जेव्हा हवं तेव्हाच. म्हणून मृत्युपत्र, नामनिर्देशन, ही कामं आत्ता, दसऱ्याच्या आधी. अतिदक्षता विभागात कुठवर ताणायचं याबद्दल आईंचं काही म्हणणं असेल तर तेही लिहून घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. विषय काढायला जड जातो, पण हा कागद फाइलमध्ये असला की रात्री दोन वाजता भावंडांत फोनवर भांडण होत नाही.

आणि घाईघाईने घर कोणाच्या नावावर बक्षीसपत्र करू देऊ नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर न सांभाळल्यास परत मिळवता येतं. पण ती अट कागदावर हवी आणि न्यायाधिकरणाचे खेटे कोणी घालायचे?

नोव्हेंबर तोंडावर आहे. हयातीचा दाखला! बँक साताऱ्यात, आई पुण्यात. जीवन प्रमाण मोबाइलवर चेहरा दाखवून होतं, बोटांचे ठसे झिजले असले तरी चालतं. तुमच्या आईंच्या पेन्शनला ते चालतं का, हे पंचायत समितीत आत्ताच विचारा.

बटाटेभात
वकीलसाहेब, 'चार ओळी' ची व्याख्या कोणत्या कलमात आहे?

बिनफी_वकील
फी नसली की ओळी मोजत नाहीत.

समई
देवांचं काय केलंत कोणी? आमच्याकडे अडलंय ते तिथेच. सासूबाईंचा देव्हारा सागवानी, तीन फुटी. आत पंचायतन, टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि प्रत्येक यात्रेहून आलेला एकेक गणपती. त्यांच्या केंद्रात निरांजन लावायला बंदी आहे.

कोकणचो_काका
कुळाचे टाक घरात ज्याच्याकडे कुळाचार चालणार त्याच्याकडे. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मात्र त्यांचे स्वतःचे, माहेरून आलेले. ते त्यांच्याबरोबर जाऊ देत. दोन मूर्ती, एक ताम्हन, एक पळी, सहाणेचा छोटा तुकडा. एवढ्याला स्टुलाची जागा पुरते.

एडिसनची_वैनी
निरांजनाच्या बंदीला हसू नका. आईला इथे न्यू जर्सीत असिस्टेड लिव्हिंगमध्ये ठेवलंय. गणपतीला तिने कुठून तरी मिळवलेला कापूर लावला. धुराचा अलार्म झाला, अख्खा मजला खाली पार्किंगमध्ये, वॉकर आणि व्हीलचेअरसकट ऐंशी माणसं, आणि दोन बंब. आई म्हणते, "बरं झालं, सगळे आरतीला आले." आता बॅटरीवरची निरांजनं आहेत. ती फुंकर मारून विझत नाहीत याचं तिला अजून आश्चर्य वाटतं.

भारतातून येणाऱ्यांनी तिला भरभरून खाऊ आणला. लोणचं, मेतकूट, चिवडा. मेतकुटाची बरणी सोडून सगळं वाया गेलं, कारण दाताच्या कवळीने चिवडा चावत नाही हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

तिखटमीठ
कवळीवरून आठवलं: कवळीच्या डबीवर नाव घाला. आणि शक्य असेल तर डेंटिस्टकडून कवळीवरसुद्धा. दोन आज्यांच्या कवळ्यांची अदलाबदल मी डोळ्यांनी पाहिली आहे. पुढचं विचारू नका.

शांताराम_कर्णिक्काका
मी श्रवणयंत्राचा मनुष्य. सेल घेताना नंबर बघा, ३१२ तपकिरी पट्टीचा आणि १३ नारिंगी पट्टीचा. पट्टी काढली की आत हवा शिरते आणि सेल चालू होतो. पुन्हा चिकटवून काही उपयोग नाही. आमच्या मदतनीस मुलीने 'काकांना सोपं जावं' म्हणून पाकिटातल्या सगळ्या सेलांच्या पट्ट्या एकदम काढून ठेवल्या होत्या. प्रेमाने. दोन आठवड्यांत मी ठार बहिरा.

तिखटमीठ
काका, तुमच्या आडनावातच कान आहे!

मृदुला_ठाणे
दागिन्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. 'मौल्यवान वस्तू आणू नयेत' असं ते लिहितात, पण साठ वर्षं बोटात असलेली अंगठी काढणार कशी? आम्ही ठेवली. चार महिन्यांनी ती नव्हती. बोट बारीक होऊन गळली, धुण्यात गेली, की कोणी घेतली, आजपर्यंत कळलेलं नाही. पण त्या महिन्यात बाबांचं सगळं प्रेमाने करणाऱ्या एका मुलीकडे आम्ही ज्या नजरेने पाहिलं, ते मला विसरता येत नाही. तिने काम सोडलं. तेव्हा काढा. बांगड्यांऐवजी काचेच्या नकोत, पडल्या की हात कापतो. लाखेच्या किंवा बेन्टेक्सच्या.

तवा_गरम
सगळे नावं घालण्याबद्दल बोलताय, पण आपल्या घरातली एक गोष्ट अशी आहे की जिच्यावर आधीच नाव घातलेलं असतं: भांडी! आईकडे एक ताट, वाटी, भांडं द्या घरातलं. तिथली प्लास्टिकची ताटं बघून माझ्या आत्याचं जेवण अर्धं झालं होतं. स्वतःचं स्टीलचं ताट आल्यावर पुन्हा जेवायला लागली. त्यावर 'चि. सौ. कां. हिस, मामाकडून' असं आहे, त्यामुळे स्वयंपाकघरातल्या मावश्या तिला 'मामाची भाची' म्हणतात.

बटाटेभात
आमच्या घरात एकाही भांड्यावर आमचं नाव नाही. बारशाला, मुंजीला आलेली सगळी, आणि 'कडून' च्या पुढे ज्यांची नावं आहेत ते सगळे वारलेले. चहाच्या भांड्यावर तर 'कै.' लावायची वेळ आली आहे.

कोकणचो_काका
पूर्वी भांड्याच्या दुकानातच तो टक टक टक करत नाव कोरून द्यायचा. अक्षर मोती. आता यंत्राने कोरतात, डॉक्टरच्या सहीसारखं दिसतं.

डॉक्टरीण_मिरजेची
नोंद घेतली आहे.

तवा_गरम
अवंती, एक विचारू? त्या पुरणयंत्रावर काही नाव आहे का?

अवंती_सातारकर
तवा_गरम, तुम्ही विचारलंत म्हणून काल रात्री आई झोपल्यावर बघितलं. पितळ काळवंडलंय, चिंच लावून घासल्यावर दिसलं. 'कु.', मग आईचं माहेरचं पूर्ण नाव, आणि खाली १९६७. बस्स. 'हिस' नाही, 'कडून' नाही.

सकाळी विचारलं. म्हणाली, पहिल्या पगाराचं. "आईला पुरण पाट्यावर वाटताना बघायचे, म्हणून घेतलं. तिने वापरलं नाही, म्हणाली तुझं तू सासरी ने. मग नेलं." मग म्हणाली, "चिंचेने घासलंस का? पितांबरी होती की सिंकखाली."

घरातल्या बाकी सगळ्या भांड्यांवर 'सौ.' आहे. मी मोजली नाहीत, पण आहे.

पुरणयंत्र जातंय.

समई
:(  म्हणजे :)

स्पष्टवक्ता_००७
बरोबर केलंत. (माझ्या आधीच्या प्रतिसादाबद्दल: माझी आई घरी आहे, मागच्या आठवड्यापासून अंथरुणावर. तळमजलेवाले, तो पट्टा कुठे मिळतो?)

तळमजलेवाला
व्यनि केलाय. फोन करा, कसा लावायचा ते दाखवतो.

टेम्पोचालक_मन
उरलेल्या घराचं काय? सामान नेणं सोपं, राहिलेलं निस्तरणं अवघड. आम्ही दोन रविवारांत घर रिकामं केलं आणि आई पहिल्याच सणाला विचारती झाली, "तो उभा डबा कुठाय?" डबा जुन्या बाजारात पंचवीस रुपयांना गेला होता. तेव्हा सहा महिने तरी घर तसंच ठेवा. फक्त गॅसचं कनेक्शन बंद करायचं असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून डिपॉझिट घ्या, पावती नसली तरी विचारा. आणि फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवा. आम्ही ठेवलं नव्हतं.

बटाटेभात
टेम्पोचालक, शेवटच्या वाक्यात एक कादंबरी आहे.

अवंती_सातारकर
धागा वर काढतेय. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हलवलं, आज तीन आठवडे झाले. सगळ्यांचे मनापासून आभार, छापील यादीपेक्षा इथलीच यादी उपयोगी पडली. हिशोब देते.

सगळ्यात कामाला आलं: एक्स्टेन्शन बोर्ड, जुनी चादर, टिचबटणं, आणि पुढे करायचा डबा. डबा दोनदा भरून झाला. आई स्वतः खात नाही, वाटते.

नेऊन उपयोग झाला नाही: माझ्या हौशीची डिजिटल फोटोफ्रेम. रात्री उजेड पडतो म्हणून पहिल्याच दिवशी टॉवेल टाकून झाकली. दहा जोडांपैकी चार जोड परत दिले, "रोज उठून काय नेसू हा विचार करायला मी काय कॉलेजात आहे?" (मृदुलाताई, दोन चांगल्या साड्यांपैकी एक मात्र लक्ष्मीपूजनाला नेसली.) हयातीचा दाखला मोबाइलवरून झाला. चेहरा ओळखायला अ‍ॅपने डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली. आई अ‍ॅपवर रागावली.

पहिल्या आठवड्यात दोनदा फोन करून रडली. खोटं कशाला सांगू. एकदा मी पण.

पुरणयंत्र पलंगाखाली आहे, रिकाम्या बॅगेत. बाहेर काढलेलं नाही, पण झाडणाऱ्या मुलीला ते सरकवून झाडायची सक्त ताकीद आहे, उचलायचं नाही. ती मुलगी त्याला 'बाईंची मशीन' म्हणते.

आणि राहिलं काय, तर ते कोणाच्याच यादीत नव्हतं. जेवणघराच्या बाहेर फळा आहे, त्यावर रोजचा मेनू लिहितात. पहिल्या दिवशी 'ऊसळ', दुसऱ्या दिवशी 'कोशींबीर'. चौथ्या दिवशी आईने वॉकर घेऊन जाऊन बोटाने पुसून दुरुस्त केलं. आता लिहिणारा मुलगा आधी येऊन तिला विचारतो. काल फोनवर म्हणाली, "येताना रंगीत खडू आण, आणि एक डस्टर. इथे फडक्याने पुसतात."

एक्क्याऐंशी_नाबाद
आमच्याही फळ्यावर 'चहा ४.०० वाजता' असं लिहिलेलं असतं. शुद्धलेखन निर्दोष. चहा ४.२५ ला येतो. आईंना विचार, याला लाल शाई कशी लावायची?